म्युनिकची व्हायोलिनं, कळंबोलीचा बेंजो

1975 सालच्या नोव्हेंबरच्या अखेरीस अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत जे गाणं पहिल्या क्रमांकावर जाऊन बसलं, त्यात एकूण शब्द सहा. ‘फ्लाय’ आणि ‘रॉबिन’ हे दोन आणि वर आणखी चार, एवढ्यावर अख्खं गाणं उभं होतं. ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिलं आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं, तेही गायनाचं नव्हे, वाद्यसंगीताचं. ग्रुपचं नाव सिल्व्हर कन्व्हेन्शन, गाव म्युनिक.

त्याच नोव्हेंबरात कळंबोलीत भाताची कापणी उरकत आली असेल. सिडकोची स्थापना 1970 ची, ठाण्याच्या खाडीवरचा पूल 1973 चा. नव्या मुंबईचा नकाशा कागदावर तयार होता, पण पनवेलच्या अलीकडच्या या पट्ट्यात अजून खाचरं, खाजणं आणि आगरी गावंच होती. लग्नाची हळद असली की धवलारीण येऊन धवले गायची. तिच्या गाण्याला वाद्याची गरज नसे. आज त्याच गावांत हळदीला जे वाजतं, त्याचा एक धागा थेट त्या सहा शब्दांच्या गाण्यापर्यंत मागे नेता येतो. धागा सरळ नाही. तो लंडन, गोवा, ताडदेव, कॅसेटची दुकानं आणि एका जपानी वाद्यातून फिरून आला आहे. सिल्व्हर कन्व्हेन्शनची मुंबईत कुणी नक्कल केली असं मी म्हणत नाही. त्या ग्रुपचं नाव इथे फारसं कुणी घेतही नाही. राहिली ती एक सवय. नाच शब्दांवर न धरता तारांवर धरायचा, ही सवय.

आधी म्युनिक. मिखाएल कुन्झे हा कायद्याची डॉक्टरेट घेतलेला गीतकार आणि सिल्व्हेस्टर लेवाय हा युगोस्लाव्हियातल्या सुबोटिका गावचा हंगेरियन संगीतकार, या दोघांनी मिळून हा उद्योग सुरू केला. सुरुवातीला ग्रुप असा नव्हताच. स्टुडिओत रोजावर येणाऱ्या गायिका आणि वादक होते. गाणी चालायला लागल्यावर टीव्हीवर दाखवायला चेहरे हवेत म्हणून तिघी मुली उभ्या केल्या गेल्या: पेनी मॅक्लीन, रमोना वुल्फ, लिंडा थॉम्पसन. पण गाणं ऐकलं की लगेच कळतं, मुली पाहुण्या आहेत. खाली बास ड्रम प्रत्येक ठोक्याला एकसारखा पडतो, त्यावर बास गिटार, आणि वर व्हायोलिनं. व्हायोलिनं छोटी, टोकदार, पुन्हापुन्हा येणारी फ्रेज वाजवतात, थांबतात, पुन्हा तीच वाजवतात. मुली त्या फ्रेजच्या मोकळ्या जागेत दोन शब्द टाकून बाजूला होतात. म्हणजे आपल्याकडे जे काम गायकाचं ते इथे तारांचं, आणि वादकांचं ते काम मुलींचं.

ही कल्पना म्युनिकची स्वतःची नव्हे, हेही सांगायला हवं. फिलाडेल्फियाच्या सिग्मा साउंड स्टुडिओत गॅम्बल आणि हफ या जोडीने 1970 च्या दशकाच्या सुरुवातीलाच काळ्या गायकांच्या गाण्यामागे व्हायोलिनांचा ताफा उभा केला होता, आणि अर्ल यंग या ड्रमरने प्रत्येक ठोक्यावर बास ड्रम पाडून मधे झांजेची सळसळ भरली होती. 1974 मध्ये बॅरी व्हाइटच्या लव्ह अनलिमिटेड ऑर्केस्ट्राचं शब्दहीन गाणं अमेरिकेत पहिलं आलं. जर्मनांनी त्यातला सोल संगीताचा ओलावा काढून टाकला आणि यंत्रासारखी शिस्त आणली. फिलाडेल्फियाच्या व्हायोलिनांत अजून थोडी प्रेमातली हुरहुर असते. म्युनिकच्या व्हायोलिनांना हुरहुर वगैरे काही नाही, त्यांना काम आहे. त्याच शहरात त्याच वर्षी जॉर्जिओ मोरोडर डॉना समरला घेऊन हेच करत होता, आणि दोनच वर्षांनी, 1977 मध्ये, त्याने ‘आय फील लव्ह’मध्ये व्हायोलिनंही हाकलून लावली आणि नुसत्या सिंथेसायझरवर गाणं उभं केलं. त्याच वर्षी सिल्व्हर कन्व्हेन्शन जर्मनीतर्फे युरोव्हिजनला गेलं आणि आठवं आलं. मग ग्रुप विरला. कुन्झे आणि लेवाय यांनी पुढे व्हिएन्नात ‘एलिझाबेथ’ नावाचं संगीतनाटक केलं, ते प्रचंड चाललं, आणि डिस्को हा त्यांच्या चरित्रातला पहिल्या प्रकरणातला मजकूर होऊन राहिला.

आपल्याकडे व्हायोलिन तेव्हा काय करत होतं? मराठी कानाला व्हायोलिन म्हणजे प्रभाकर जोग. ‘गीतरामायणा’च्या काळापासून बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, साथीला असलेले जोग व्हायोलिनवर गाणं शब्दन् शब्द वाजवत, ‘गाणारं व्हायोलिन’ हे त्यांच्या कार्यक्रमाचं नावच होतं. त्या व्हायोलिनाचं मोठेपण ते गळ्याच्या किती जवळ जातं यावर मोजलं जायचं. हिंदी सिनेमातलं व्हायोलिन एकटं नसे, ताफ्याने असे. शंकर-जयकिशन आणि पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या ध्वनिमुद्रणाला कितीतरी व्हायोलिनवादक एकत्र बसत. त्यांचं मुख्य काम भरून येण्याचं: नायिका खिडकीशी उभी राहिली की तारा भरून येत. नाचाची गाणीही होती, त्यांत तारा धावतही. पण नाच धरून ठेवायचं काम ढोलक, बोंगो आणि ब्रासवर होतं.

हे वादक कोण होते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचं कळत नाही. त्यांतले बहुतेक गोव्याचे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवलं जाई. ती मुलं मुंबईला आली, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक खोल्यांत, राहिली, हॉटेलांत जॅझ वाजवलं, आणि जॅझचं काम कमी झाल्यावर सिनेमाच्या स्टुडिओत आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांच्यातले बुजुर्ग. 1958 मध्ये त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेजच्या अंगणात आपल्या रागांना पाश्चात्त्य वाद्यवृंदात बसवून दाखवलं. प्यारेलाल त्यांचे शिष्य, राहुलदेव बर्मनही त्यांच्याकडे शिकलेले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’मधलं अमिताभच्या पात्राचं नाव प्यारेलालांनी गुरूला वाहिलेली दक्षिणा आहे, हे पुष्कळांना माहीत असतं; त्या गुरूचं खरं गाणं मात्र फार थोड्यांनी ऐकलेलं असतं.

तेव्हाचं ध्वनिमुद्रण म्हणजे मोठा हॉल. ताडदेवचं फिल्म सेंटर, वांद्र्याचं मेहबूब. सकाळच्या शिफ्टला माणसं जमत. अरेंजरने रात्री लिहिलेली नोटेशनची पानं स्टँडवर लागत. व्हायोलिनवाले एका बाजूला रांगेने, त्यांच्यात पुढच्या खुर्च्यांवर जुने, मागे नवे. दुसरीकडे ढोलक, तबला, काचेच्या खोलीत गायक. सगळं एकाच वेळी वाजायचं आणि एकाच वेळी मुद्रित व्हायचं. एकाचा बो घसरला की सगळ्यांचा टेक गेला. रियाझ असे तोवर हसणं-खिदळणं चाले; लाल दिवा लागला की मात्र खुर्ची करकरली तरी मागून डोळे वटारले जात. अशा व्यवस्थेत म्युनिकसारखा कोरडा, सुटा आवाज निघणं शक्यच नव्हतं. ढोलकाचा आवाज व्हायोलिनच्या माइकमध्ये शिरे, व्हायोलिनचा गायिकेच्या. आपल्या जुन्या गाण्यांचा तो जो एकजीव, थोडा ओलसर नाद आपल्याला आवडतो, त्याचं श्रेय या गळतीला आहे.

ही व्यवस्था मोडली एका बंगळुरूच्या माणसाने. बिद्दू अप्पय्या. बंगळुरूत तो बीटल्सच्या धर्तीची गाणी गायचा. साठच्या दशकाच्या अखेरीस जमिनीच्या रस्त्याने निघाला आणि इंग्लंडला पोहोचला. 1974 मध्ये त्याने कार्ल डग्लस या जमैकन गायकाला घेऊन एक गाणं केलं. एका बाजूला चांगलं गाणं होतं, दुसऱ्या बाजूला काहीतरी हवं म्हणून शेवटच्या काही मिनिटांत उरकलेलं ‘कुंग फू फायटिंग’. चाललं ते उरकलेलंच, आणि असं चाललं की जगभर कोट्यवधी प्रती खपल्या. त्या पैशावर बिद्दूने स्वतःचा वाद्यवृंद काढला. 1975 मध्ये, म्हणजे म्युनिकच्या सहा शब्दांच्याच वर्षी, बिद्दू ऑर्केस्ट्राचं ‘समर ऑफ फॉर्टी टू’ ब्रिटनच्या यादीत आलं. ते मूळचं एका सिनेमाचं उदास संगीत. बिद्दूने त्याच्या खाली डिस्कोचा ठेका घातला आणि तीच उदास धून नाचायला लावली. तारांवर उभा असलेला युरोपातला एक डिस्को ग्रुप भारतीय माणसाचा होता, ही गोष्ट आपण विसरतो.

1980 मध्ये फिरोज खानने ‘कुर्बानी’ काढला. बाकीची गाणी कल्याणजी-आनंदजींची, एक बाहेरचं. लंडनच्या एका घरगुती समारंभात त्याला नाझिया हसन ही पाकिस्तानी मुलगी भेटली होती, तेव्हा ती शाळेत शिकत होती. बिद्दूने इंदीवरचे शब्द घेऊन ‘आप जैसा कोई’ लंडनमध्ये केलं, तेही बहुपदरी ध्वनिमुद्रणाने: ड्रम वेगळे, बास वेगळा, आवाज वेगळा, सगळे आपापल्या पट्टीवर, नंतर जुळवलेले. पडद्यावर झीनत अमान होती, पण चित्रपटगृहातल्या लोकांना आधी ऐकू आला तो तो बास. त्याआधीच्या कुठल्याही हिंदी गाण्यात बास इतका कोरडा आणि इतका स्वच्छ वाजलेला नव्हता. पंधरा वर्षांच्या नाझियाला फिल्मफेअर मिळालं. पुढच्या वर्षी भावाला घेऊन तिने ‘डिस्को दीवाने’ काढला.

वेळ पाहण्यासारखी आहे. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानात लोकांनी डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवला होता. अमेरिकेत डिस्को ही शिवी झाली होती. आपल्याकडे तो त्यानंतर वर्षाने आला, आणि शिळा म्हणून नव्हे, ताजा म्हणून. त्याला वाहनही मिळालं. आखातात गेलेली कोकणातली माणसं सुट्टीला येताना टू-इन-वन आणत होती. कॅसेट स्वस्त होत चालली होती. 1983 मध्ये गुलशन कुमारने टी-सीरीज सुरू केली आणि मूळची कॅसेट परवडत नाही त्याला कॅसेट परवडायला लागली. तबकडी दिवाणखान्यात बसून ऐकायची असते. कॅसेट ट्रकमध्ये, पानाच्या टपरीवर, मांडवात, कुठेही वाजते.

1980 सालातच लक्ष्मीकांत-प्यारेलालांनी ‘कर्ज’मध्ये ‘ओम शांती ओम’ केलं. मुखड्याची कल्पना त्रिनिदादच्या लॉर्ड शॉर्टीकडून आलेली, पण मागची व्हायोलिनं ऐका: गोव्याचे तेच वादक, आणि बो आता भरून येत नाही, तुकडे पाडतो. माझ्या मते मुंबईच्या व्हायोलिनवाल्यांनी डिस्को खऱ्या अर्थाने पचवला तो इथे. बिद्दूने बाहेरून आणून दाखवला, प्यारेलालांनी घरच्या माणसांकडून वाजवून घेतला. गुरू अँथनी गोन्साल्विसकडे व्हायोलिन शिकलेल्या माणसाला बो कसा तोडायचा हे सांगावं लागत नव्हतं.

बप्पी लाहिरींना इतका संयम नव्हता आणि त्यांनी कधी तसा आवही आणला नाही. 1980 च्या ‘प्यारा दुश्मन’मध्ये उषा उथुप यांनी गायलेलं ‘हरी ओम हरी’ हे जर्मनीत फ्रँक फारियनने इरप्शन या ग्रुपकडून गाऊन घेतलेलं गाणं होतं. 1982 च्या ‘डिस्को डान्सर’मधलं ‘जिमी जिमी’ फ्रान्सच्या ओटावान ग्रुपकडून आलं, आणि ‘कोई यहाँ नाचे नाचे’ ब्रिटनच्या बगल्स ग्रुपकडून. म्हणजे एका सिनेमात अर्धा युरोप. आपले विद्वान त्यावर नाक मुरडत आले आहेत. पण चोरीचं म्हणून बाजूला ठेवलं तर एक गोष्ट निसटते. बप्पीदांनी युरोपातल्या गाण्यांचे शब्द घेतले नाहीत, मुखडेही कधीकधीच. त्यांनी पीस घेतले. गाण्यातली नेमकी ती जागा उचलली जिथे कुणी गात नसतं आणि सगळे नाचतात. ‘जिमी’ची मूळ जोडी ज्यांनी घडवली त्यांतल्या डॅनियल वांगार्डचा मुलगा तोमा बांगाल्तेर पुढे डाफ्ट पंक या जोडीत निघाला, आणि त्याने जगाला पुन्हा डिस्कोकडे नेलं. म्हणजे त्या घरातला डिस्को आमच्या मांडवातही वाजला आणि जगाच्या मांडवातही.

‘डिस्को डान्सर’च्याच सुमारास मुंबईत एक विचित्र तबकडी निघाली, आणि ती कुणी विकत घेतली नाही. चरणजीत सिंग हे सिनेमात गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक, लग्नाकार्यांत स्वतःचा ऑर्केस्ट्राही चालवत. त्यांनी रोलंड कंपनीची तीन नवी यंत्रं घेतली आणि ललत, मालकंस अशा दहा रागांना डिस्कोच्या ठेक्यावर बसवलं. 2010 मध्ये एका डच संग्राहकाने ती पुन्हा काढली तेव्हा युरोपातले डीजे चक्रावले, कारण शिकागोच्या पोरांनी जे संगीत 1980 च्या दशकाच्या मध्यात शोधलं म्हणतात, ते इथे आधीच वाजून गेलं होतं. सिंगसाहेबांना त्यात काही विशेष वाटत नसे. राग होता, ठेका होता, मशीन होतं. वाजवलं.

मराठी सिनेमाने डिस्को जरा उशिरा आणि जरा लाजत घेतला. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल हे अनिल-अरुण या जोडीने संगीत देत. दोघेही सचिनदेव बर्मनांचे सहायक होते, मोहिले स्वतः व्हायोलिनवादक आणि पुढे लताबाईंच्या कार्यक्रमांचे संयोजक. 1979 चा ‘अष्टविनायक’ त्यांचा. तेच मोहिले 1985 मध्ये ‘धूमधडाका’ करतात, आणि 1987 मध्ये सचिन पिळगावकरच्या ‘गंमत जंमत’मध्ये अरुण पौडवाल किशोरकुमारला मराठीत आणून ‘अश्विनी ये ना’ गाऊन घेतात. गाण्यातली मराठी किशोरदांना जड गेली असेल, ठेका मुळीच नाही. गाणं सुरू होताना जे वाजतं ते आजही कुठल्याही मराठी लग्नात वाजलं की पहिल्या शब्दाआधीच आजोबांपासून नातवापर्यंत सगळे उठतात. वाद्यवृंदातून आलेल्या माणसांनी मराठीत नाचाची गाणी केली हा योगायोग नव्हता. तारांचा पीस कुठे टाकायचा, हे त्यांच्या हातात होतं.

आता कळंबोली. ऐंशीच्या दशकात मुंबईच्या बंदराकडचा लोखंड बाजार हलवण्यासाठी सिडकोने इथे जागा आखली, आणि पत्रे, सळ्या, कॉइल घेऊन ट्रक येऊ लागले. मुंबई-पुणे रस्ता इथूनच जातो, 1989 नंतर न्हावाशेव्याच्या बंदराचीही वाहतूक जोडली गेली, आणि पुढे द्रुतगती मार्गही कळंबोलीपासूनच सुरू झाला. ज्या गावातून इतके ट्रक जातात त्या गावाला रेडिओची वाट पाहावी लागत नाही. ढाब्यावर थांबलेल्या गाडीच्या केबिनमधून जे वाजेल ते दुसऱ्या दिवशी गावात.

पण गाणं येण्याआधी जमीन गेली होती. पंच्याण्णव गावांची जमीन घेतली गेली, दि. बा. पाटलांच्या मागे शेतकरी उभे राहिले, आणि 1984 च्या जानेवारीत 16 आणि 17 तारखेला जासई-दास्तान फाटा परिसरात झालेल्या गोळीबारांत पाच जण हुतात्मे झाले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. ज्या हळदीच्या दणदणाटाकडे आज शहरातले लोक बोट दाखवतात आणि ‘आगऱ्यांचा पैसा’ म्हणून मोकळे होतात, त्या पैशामागे हे आहे. खाचर गेलं, मळणी गेली, नवान्नाची जेवणं गेली. अख्खं गाव एकत्र यायचं निमित्त उरलं ते लग्न, गणपती आणि जत्रा. तिथे मग आवाज मोठाच होणार.

बेंजो आला त्या मोकळ्या जागेत. हा बेंजो म्हणजे अमेरिकेतला बॅन्जो नव्हे. जपानमध्ये 1912 साली नागोयाच्या गोरो मोरिताने टंकयंत्राची बटणं तारांवर बसवून ‘तायशोगोतो’ नावाचं वाद्य केलं. ते आपल्याकडे बुलबुल तरंग म्हणून आलं. लाकडी पेटी, वर तारा, तारांवर बटणं. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने प्लास्टिकच्या तुकड्याने तार छेडायची. घरात वाजवलं तर आवाज शेजारीही जात नाही. कुणीतरी त्यात पिकअप बसवला, ती वायर अ‍ॅम्प्लिफायरला आणि एकोला जोडली, आणि आवाज बदलून गेला: पातळ, कडक, टोकदार, ढोल-ताशाच्या गदारोळातूनही सरळ कानात शिरणारा. मिरवणुकीत चालताना व्हायोलिन वाजवून पाहा. बो धरायला जागा नाही, आणि ताशापुढे त्याचं काही चालत नाही. बेंजोचं चालतं.

ताफ्यात बेंजो, कीबोर्ड, ताशा, ढोल आणि पॅड. पॅड म्हणजे ऑक्टोपॅड. रोलंडने तो 1985 मध्ये बाजारात आणला. आठ रबरी चौकोन, काठीने मारले की हवा तो आवाज. डिस्कोचा बास ड्रम आता हातगाडीवर मावू लागला. या ठेक्याचं एक सोयीचं आहे. आपला केहरवा आठ मात्रांचा. डिस्कोचे चार ठोके त्यात दोन-दोन मात्रांनी बरोबर बसतात. ढोलकवाल्याला वेगळं काही शिकावं लागत नाही, तो आपला केहरवा वाजवत राहतो, खाली पॅड ठोके देतो. कोळी-आगरी गाण्याचा मूळ ठेका मात्र तसा नाही. तो तीन-तीनच्या गटांनी होडीसारखा हिंदकळतो. डिस्कोवर बसवताना ते हिंदकळणं सरळ करावं लागलं, आणि काही गाण्यांची त्यात चाल गेली असं मला वाटतं. जुनी धवलारीण भेटली तर तिचं मत याहून कडक असेल.

तरीही पोरांनी जे बसवलं ते ऐकण्यासारखं आहे. बेंजोवाला गायकाची ओळ साधी वाजवतो, जवळजवळ उरकतो; पीस आला की त्याचा हात मोकळा होतो. ‘पीस बसला का?’ हाच सरावातला प्रश्न. ‘जिमी’ असो, ‘अश्विनी’ असो की एखादं आगरी हळदीगीत, मूळच्या व्हायोलिनांचा किंवा सिंथेसायझरचा तुकडा बेंजोच्या तारांवर येतो, दोनदा, चारदा, गर्दी सोडत नाही तोवर. ओळ चालू असताना माणसं हात वर करून डुलतात, खरी उडी पीसवर पडते. कुन्झे-लेवायने मुलींना दोन शब्द देऊन बाजूला उभं केलं होतं, त्या रचनेशी हे जुळतं.

आगरी गाण्याने डिस्कोतली दुसरीही एक गोष्ट घेतली: दिसणं. हळदीच्या कार्यक्रमांचे बादशहा मानले जाणारे संतोष चौधरी, म्हणजे दादूस, गळ्यात सोन्याच्या साखळ्या घालूनच मंचावर येतात आणि लोक त्यांना मराठीतले बप्पी लाहिरी म्हणतात. ज्या समाजात सोनं म्हणजे लग्न आणि प्रतिष्ठा, तिथे बप्पीदांचा थाट परका वाटलाच नाही. शहरातल्या लोकांना ते हसू आलं. गावात तो आपला माणूस वाटला.

व्हायोलिनवाल्यांचं काय झालं, तेही सांगून टाकतो. डिस्कोने त्यांना शेवटचं मोठं काम दिलं आणि डिस्कोच्याच पोटातून त्यांची जागा घेणारं यंत्र निघालं. हॉलंडच्या एमिनंट कंपनीचा सोलिना हा कीबोर्ड 1974 चा. एक बोट दाबलं की अख्ख्या ताफ्याच्या तारांचा भास. डिस्कोवाल्यांनी तो हातोहात उचलला. 1983 नंतर यामाहाचा डीएक्स सेव्हन आला, आणि मुंबईतले निर्माते हिशेब करू लागले: चाळीस माणसांची शिफ्ट की एक कीबोर्डवाला? नव्वदच्या दशकात गोव्याच्या वादकांच्या पुढच्या रांगा रिकाम्या होत गेल्या. काही शिकवण्या घेऊ लागले, काही गावी परतले. बिद्दू मात्र तरला: 1995 मध्ये अलिशा चिनॉयला घेऊन ‘मेड इन इंडिया’ करून त्याने आणखी एका पिढीला नाचवलं.

2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आल्यापासून हळदीला रात्री दहाची मर्यादा आहे. कागदावर. पोलिसांची गाडी येईपर्यंत ‘शेवटचं एक’ चालू असतं आणि ते शेवटचं कधीच एक नसतं. रुग्णालयाशेजारी राहणाऱ्यांना, परीक्षेच्या पोरांना आणि म्हाताऱ्यांना त्याचा जो त्रास होतो तो खराच आहे, आणि डीजेच्या भिंतींनी तो दुप्पट केला. भिंतीपुढे बेंजोही आता जुना झाला आहे. लग्नघरं बजेट पाहून दोन्ही ठेवतात, बेंजो मिरवणुकीला आणि डीजे मांडवात.

2016 हे वर्ष या गोष्टीत मजेशीर आहे. त्या वर्षी रवी जाधवांनी रितेश देशमुखला घेऊन मुंबईच्या बेंजोवाल्यांवर ‘बँजो’ नावाचा हिंदी सिनेमा काढला, आणि तो फारसा चालला नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये नागराज मंजुळेंचा ‘सैराट’ आला. त्यासाठी अजय-अतुल थेट अमेरिकेत गेले, लॉस एंजेलिसच्या सोनी स्टुडिओत तिथल्या वाद्यवृंदाकडून खरी व्हायोलिनं वाजवून घेतली. ताडदेवच्या हॉलमध्ये गोव्याच्या माणसांनी जे चाळीस वर्षं केलं, त्यासाठी मराठी सिनेमाला आता विमान धरावं लागलं. आणि त्याच ऑक्टोबरात पनवेल महानगरपालिका झाली, कळंबोली शहरात मोडू लागली.

‘सैराट’मधलं ‘झिंगाट’ बेंजोवर बसायला वेळ लागला नाही. त्यात नाचाचं सगळं आधीच होतं. त्याच सिनेमातल्या ‘याड लागलं’च्या सुरुवातीचा तारांचा पीस मात्र अवघड गेला असणार. व्हायोलिनवर स्वर ओढून धरता येतो, बेंजोवर छेडलेली तार लगेच विरते. मग वाजवणारा तीच तार भराभर छेडत राहतो, स्वर तुटू नये म्हणून, आणि कीबोर्डवाला खाली ‘स्ट्रिंग्ज’चं बटण दाबून धरतो. पॅडवाला मूळ गाण्यात नसलेला बास ड्रम मधेच टाकतो, कारण त्याशिवाय गाडी पुढे सरकत नाही.